लाभार्थ्याला विचारण्याची किंमत

सरकारी योजनेचा पैसा, धान्य, औषध किंवा पाणी राजधानीतून निघाल्यापासून गरिबाच्या घरापर्यंत पोचेपर्यंत अनेक हातांमधून जाते, आणि या प्रवासात काय घडले हे सरकारला सामान्यतः त्याच हातांनी लिहिलेल्या अहवालांमधून कळते. ज्याने धान्य वाटायचे तोच धान्य वाटल्याची नोंद करतो, ज्याने धनादेश द्यायचे तोच दिल्याचा तक्ता वर पाठवतो. ज्याला ते मिळायचे होते त्याची साक्ष या व्यवहारात क्वचितच काढली जाते. ही साक्ष काढण्याचे जुने मार्ग, म्हणजे घरोघरचे सर्वेक्षण, वरिष्ठांची अचानक भेट किंवा सामाजिक अंकेक्षण (गावकऱ्यांनी स्वतः कागदपत्रे तपासून ग्रामसभेत केलेली पडताळणी), परिणामकारक असले तरी खर्चिक आणि वेळखाऊ असतात, त्यामुळे ते वर्षातून एखाददुसऱ्या वेळी आणि मोजक्याच गावांत होतात. गरीब कुटुंबांपर्यंत मोबाइल फोन पोचल्यानंतर या परिस्थितीत एक मूलभूत फरक पडला. ज्याच्यासाठी योजना आहे त्याला सरकार थेट आणि अल्प खर्चात विचारू शकेल, अशी सोय प्रथमच निर्माण झाली. ही सोय प्रत्यक्षात कितपत वापरली गेली आणि तिच्या जागी मोबाइलचा कोणता वेगळा उपयोग रूढ झाला, हे तपासून पाहिल्याशिवाय ‘डिजिटल सेवा’ या शब्दप्रयोगाचे खरे मूल्य ठरवता येत नाही.

या दृष्टीने तेलंगणातील एक प्रयोग विशेष अभ्यासनीय आहे. त्या राज्याने २०१८ मध्ये ‘रयतु बंधू’ ही योजना सुरू केली, जिच्यानुसार जमीनधारक शेतकऱ्याला दर हंगामात एकरी ४००० रुपये मिळणार होते. पहिल्या फेरीत ही रक्कम बँक खात्यात जमा न करता तिचे धनादेश गावोगावी वाटण्यात आले. वाटपाची जबाबदारी मंडलाच्या, म्हणजे आपल्याकडील तालुक्याहून लहान असलेल्या प्रशासकीय घटकाच्या, कृषी अधिकाऱ्यांवर होती. सुमारे ५७ लाख शेतकरी आणि जवळजवळ १०० कोटी डॉलर एवढा हा व्यवहार होता. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस, संदीप सुखटणकर आणि जेफ्री वीव्हर या अर्थशास्त्रज्ञांनी राज्य सरकारच्या सहकार्याने चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने काही मंडले निवडली आणि तेथील अधिकाऱ्यांना एवढेच कळवण्यात आले की तुमच्या भागातील वाटप कसे झाले हे शेतकऱ्यांना फोन करून मोजले जाणार आहे. उरलेल्या मंडलांमध्ये अशी सूचना दिली गेली नाही. निवड योगायोगाने झालेली असल्यामुळे दोन्ही गटांतील मंडले अन्य बाबतींत सारखीच मानता येतात आणि दोहोंमध्ये दिसलेला फरक त्या सूचनेचाच परिणाम ठरतो. या पद्धतीला यादृच्छिक चाचणी म्हणतात, आणि नव्या औषधाची परिणामकारकता ठरवतानाही हीच पद्धत वापरली जाते.

सूचना न मिळालेल्या मंडलांमध्ये साधारण ८३ टक्के शेतकऱ्यांना धनादेश मिळाले होते, म्हणजे दर सहा शेतकऱ्यांमागे एक वंचित राहिला होता. जेथे सूचना दिली गेली होती तेथे वंचित राहिलेल्यांची संख्या ७.८ टक्क्यांनी कमी भरली. हा आकडा लहान वाटू शकतो, परंतु त्यामागचा खर्च पाहिला की त्याचे महत्त्व लक्षात येते, कारण शेतकऱ्यांपर्यंत जादा पोचलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे या उपक्रमावर केवळ ३ रुपये ६० पैसे खर्च झाले होते. कोणत्याही अधिकाऱ्याच्या हाती नवे यंत्र दिलेले नव्हते, कोणाची छायाचित्रे काढलेली नव्हती, कोणत्याही शेतकऱ्याला ॲप उतरवून घ्यावे लागले नव्हते. शेतकऱ्याजवळचा साधा फोन आणि त्यावर विचारलेले मोजके प्रश्न एवढ्यावर हे काम झाले. अधिकाऱ्याच्या वर्तनात बदल घडवला तो या जाणिवेने की आपण पाठवलेल्या तक्त्याखेरीज आणखी एक नोंद तयार होणार आहे आणि ती आपल्या हातात नाही.

या प्रयोगाच्या मर्यादाही त्याच्या यशाइतक्याच बोधप्रद आहेत. धनादेश मिळाला की नाही या प्रश्नाला स्पष्ट उत्तर असते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील उपचार योग्य होते का, किंवा शाळेत मुलाला वाचता येऊ लागले का, हे फोनवरून ठरवणे फार अवघड आहे. शिवाय ‘रयतु बंधू’चा लाभ सातबाराधारकासारख्या नोंदणीकृत जमीनमालकालाच मिळत होता. दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा कूळ शेतकरी आणि भूमिहीन मजूर योजनेबाहेरच होते, म्हणून त्यांना कोणाचा फोन येण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. यादीत असलेल्यापर्यंत सेवा पोचली का, एवढेच असा फोन सांगू शकतो. यादी कोणी आणि कोणाला वगळून केली, हा प्रश्न राजकीय आहे आणि तो राजकीय मार्गानेच सोडवावा लागतो.

तेलंगणात लाभार्थ्याला विचारले गेले. देशातील बहुसंख्य मोबाइल-उपक्रमांनी मात्र कॅमेरा मजुराकडे आणि कनिष्ठ कर्मचाऱ्याकडे वळवला. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेतील उपस्थिती नोंदवणारे ‘एनएमएमएस’ हे ॲप मे २०२१ मध्ये आले आणि १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामे वगळता सर्व कामांवर ते सक्तीचे झाले. कामाच्या ठिकाणी दिवसातून दोन वेळा मजुरांची छायाचित्रे काढायची, त्यांवर वेळ आणि ठिकाण आपोआप उमटणार आणि खोट्या हजेरीला आळा बसणार, अशी ही कल्पना होती. परंतु या योजनेतील मजुरी बहुतेक ठिकाणी केलेल्या कामाच्या मापावर ठरत असे. खोदाईचे माप सकाळीच पुरे करून घरी गेलेल्या बाईला केवळ दुसऱ्या छायाचित्रासाठी उन्हात थांबावे किंवा पुन्हा यावे लागू लागले. जेथे रेंज नव्हती किंवा फोन बंद पडला तेथे दिवसभराचे काम होऊनही हजेरी लागली नाही, आणि हजेरी नाही म्हणून मजुरीही नाही. २०२३ च्या प्रारंभी देशाच्या निरनिराळ्या भागांतील मजुरांनी दिल्लीत जंतरमंतरवर दीर्घकाळ धरणे धरले, त्यामागे हे ॲप हे एक प्रमुख कारण होते. ज्या गैरप्रकाराला रोखण्यासाठी हा खटाटोप केला तो थांबला असता तर निदान काही समर्थन उरले असते; पण जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने काढलेल्या परिपत्रकात नमूद केले गेले की कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढवली जात आहेत, छायाचित्राचे छायाचित्र काढून हजेरी भरली जात आहे, आणि चित्रातील माणसांची संख्या नोंदीशी जुळत नाही. यावर उपाय म्हणून ग्रामपंचायत पातळीवर सर्वच छायाचित्रे माणसांकडून तपासून घेण्याचा आदेश निघाला. यंत्राने माणसाची जागा घ्यावी म्हणून आलेली व्यवस्था पुन्हा माणसाच्या तपासणीवर येऊन ठेपली, आणि मधल्या काळात बुडालेली मजुरी ज्यांची होती त्यांना एकदाही विचारले गेले नाही की तुम्ही काम केलेत का आणि दाम मिळाला का.

महाराष्ट्रातील अंगणवाड्यांचा अनुभव याच जातकुळीचा आहे. पोषण अभियानात बालकांची वजने, उंची, आहारवाटप आणि गृहभेटी यांची नोंद मोबाइलवर करण्याची पद्धत आली आणि मार्च २०२१ पासून त्यासाठी ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप लागू झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले. हे फोन कमी क्षमतेचे असून तापत आणि बंद पडत, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी येई, आणि ॲप इंग्रजीत असल्यामुळे बालकाचे नावसुद्धा मराठीत लिहिता येत नसे, या त्यांच्या तक्रारी होत्या. वर्षानुवर्षे मराठी रजिस्टरे अचूक ठेवणाऱ्या स्त्रियांना अकुशल ठरवण्याचे काम त्या पडद्याने केले, आणि त्यांचा संताप पूर्णपणे न्याय्य होता. पुढे ॲपमध्ये भारतीय भाषा आल्या, तरी जुलै २०२५ पासून घरी न्यायचा पूरक आहार, ज्याला अंगणवाडीत टीएचआर म्हणतात, तो देताना लाभार्थ्याचा चेहरा ओळखून पडताळणी करणे सक्तीचे झाले. जिच्या हाती तान्हे मूल आहे अशा आईने नोंदणीकृत क्रमांकाचा फोन घेऊन, त्यावर आलेला सांकेतिक क्रमांक सांगत, कॅमेऱ्यासमोर उभे राहावे अशी अपेक्षा करताना तो फोन बहुधा नवऱ्याच्या खिशात, कामाच्या ठिकाणी असतो याचा विचार झालेला दिसत नाही.

फोन कोणाच्या खिशात आहे, हा प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार भारतातील ५३.९ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता आणि ग्रामीण भागात हे प्रमाण निम्म्याहूनही कमी होते. याचा परिणाम कसा होतो हे बेंगळुरूच्या पाणीपुरवठ्याच्या उदाहरणातून स्पष्ट होते. हुबळी-धारवाड येथे २०११ च्या सुमारास ‘नेक्स्टड्रॉप’ या संस्थेने एक उपयुक्त कल्पना अमलात आणली: नळाला कित्येक दिवसांनी आणि अनिश्चित वेळी पाणी येत असल्याने घरातील बाई कामधंदा सोडून वाट पाहत बसते, तेव्हा पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनने फोनवरून कळवावे आणि संस्थेने त्या वस्तीतील घरांना संदेश पाठवावा. पुढे बेंगळुरूमध्ये या सेवेची यादृच्छिक चाचणी झाली, तेव्हा घरच्यांचा वाट पाहण्याचा वेळ कमी झालेला आढळला नाही. पाण्याविषयीचा मानसिक ताण मात्र काहीसा हलका झाला. अभ्यासकांना कारणे माणसांमध्ये सापडली. व्हॉल्व्हमन नियमितपणे कळवत नव्हते, आणि आलेला संदेश पुरुषाच्या फोनवर थांबत होता, तर पाणी भरणारी बाई घरी होती. माहिती ही नळातून येणाऱ्या पाण्यासारखी वाटेत अनेक ठिकाणी गळते, आणि अखेरची गळती पुष्कळदा घराच्या उंबरठ्याच्या आतच असते.

ही अडचण ओळखून आखलेले उपक्रमही आहेत. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये मुंबईत स्थापन केलेली ‘आरमान’ ही संस्था ‘एममित्र’ या सेवेतून गरोदर स्त्रियांना आणि बाळंतिणींना ध्वनिमुद्रित आरोग्यसंदेश पाठवते. संदेश लिखित नसून बोललेले असल्यामुळे अक्षरओळख लागत नाही, ते गर्भारपणाच्या त्या त्या आठवड्याला अनुरूप असतात, आणि मुख्य म्हणजे फोन केव्हा यावा ती वेळ बाईने स्वतः निवडायची असते, जेणेकरून घरातला सामाईक फोन तिच्या हाती असतानाच तो वाजेल. तरीही काही महिन्यांनी अनेक जणी ऐकणे सोडून देतात. प्रत्येकीशी कार्यकर्तीने बोलावे एवढे मनुष्यबळ नसल्याने कोणाशी आधी बोलावे हे ठरवण्यासाठी संस्थेने गूगलच्या संशोधकांसह संगणकीय अंदाजाची पद्धत वापरली. सुमारे २३००० स्त्रियांवर घेतलेल्या चाचणीत या पद्धतीमुळे ऐकण्यातली घट साधारण ३० टक्क्यांनी रोखता आली. येथे संगणकाने कार्यकर्तीवर पाळत ठेवली नाही. तिचा अपुरा वेळ जेथे अधिक उपयोगी पडेल तेथे तिला पाठवले.

लाभार्थ्याला केवळ श्रोता न ठेवता बोलता करण्याचे उदाहरण छत्तीसगडमधून मिळते. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘सीजीनेट स्वर’ या सेवेत साध्या फोनवरून एका क्रमांकावर आपले म्हणणे गोंडीत किंवा हिंदीत ध्वनिमुद्रित करता येत असे. संपादक ते तपासून इतरांना ऐकण्यासाठी खुले करीत. बिघडलेला हातपंप, न मिळालेली मजुरी, बंद असलेली शाळा अशा तक्रारींसोबत संबंधित अधिकाऱ्याचा फोन क्रमांकही सांगितला जाई, आणि दूरच्या शहरांतले ऐकणारे त्या अधिकाऱ्याला फोन करून विचारणा करीत. काम झाल्यावर तक्रारदार पुन्हा फोन करून तसे सांगत असे. ज्या भाषेत वर्तमानपत्र निघत नाही आणि जी बहुसंख्य अधिकाऱ्यांना येत नाही, त्या भाषेतील नागरिकाचे गाऱ्हाणे यामुळे सार्वजनिक नोंदीत आले.

महाराष्ट्रात असे विचारणे सुरू करायचे ठरवले तर त्यासाठी लागणारे बरेचसे साहित्य सरकारजवळ आधीच आहे. शिधापत्रिका, निराधार व वृद्धांचे निवृत्तिवेतन, पोषण आहार, माता-बाल आरोग्य या सर्व नोंदींमध्ये लाभार्थ्याच्या फोन क्रमांकासाठी रकाना आहे. पण तो रकाना अनेकदा नावापुरता भरलेला असतो: लाभार्थ्याकडे फोन नसल्यास आशा कार्यकर्तीचा, शेजाऱ्याचा किंवा दुकानदाराचा क्रमांक लिहिला जातो, आणि रिचार्ज न परवडल्याने सिमकार्ड बदलले की जुना क्रमांक निरुपयोगी होतो. म्हणून आधी ते क्रमांक खरे आहेत का ते पाहावे लागेल, आणि ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्यासाठी गावातील प्रत्यक्ष भेटींचा काही हिस्सा राखून ठेवावा लागेल, अन्यथा सर्वांत गरीब माणूसच मोजणीतून सुटेल. फोन करणारा माणूस वाटप करणाऱ्या खात्याच्या अधीन नसावा, नाहीतर उत्तर देणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या धान्याची भीती वाटेल. तक्रार करणाऱ्याचे नाव दुकानदारापर्यंत जाणार नाही याची हमी संभाषणाच्या सुरुवातीलाच द्यावी लागेल, आणि मेळघाटात कोरकू, नंदुरबारच्या डोंगराळ भागात भिली किंवा पावरी आणि गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणारी माणसे या कामावर नेमावी लागतील. ‘या महिन्यात किती किलो धान्य मिळाले, त्याचे पैसे घेतले का, पावती दिली का’ हे तीन प्रश्न त्या त्या भाषेत विचारायला काही मिनिटे पुरतात, आणि त्यांची उत्तरे तालुकावार, दर महिन्याला जाहीर करण्यासाठी कोणत्याही नव्या ॲपची आवश्यकता नाही.