त्रूदोसच्या डोंगरगावांतील एक दिवस

भूमध्य समुद्राच्या पूर्व भागातील सायप्रस हे बेट बहुतेक पर्यटकांना त्याच्या किनाऱ्यांमुळे ठाऊक असते. परंतु त्या बेटावरील जीवनाची घडण समजून घ्यायची असेल, तर किनारा सोडून त्रूदोस पर्वतातील गावांकडे वळावे लागते. लिमासोल या बंदराच्या शहरातून सकाळी निघून, जाणत्या वाटाड्यासोबत तीन गावे पाहून संध्याकाळी परतता येते. अंतरे थोडी असल्यामुळे या प्रवासात घाई करण्याचे कारण नसते, आणि ती करूही नये. कारण खडक, पाणी, द्राक्षवेल आणि घर यांचे जे नाते वाटाड्या उलगडून दाखवतो, ते गावात निवांत थांबल्याखेरीज ध्यानात येत नाही.

या नात्याचा आरंभ भूगर्भात आहे. सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी टेथिस महासागराच्या तळाशी त्रूदोसचे खडक तयार झाले. पुढे भूपट्ट एकमेकांकडे सरकत गेले, तसा तो तळ उचलला जाऊन पाण्याबाहेर आला. समुद्रतळाचे कवच आणि त्याखालील प्रावरण यांचा असा वर आलेला तुकडा भूशास्त्रात ‘ओफिओलाइट’ म्हणून ओळखला जातो. पर्वताचा मध्यभाग सर्वांत अधिक उचलला गेला आणि त्यावरचे थर झिजून गेले, त्यामुळे एरवी सर्वांत खोल असणारे प्रावरणाचे खडक आज 1,952 मीटर उंचीच्या ऑलिंपस शिखराच्या परिसरात उघडे पडले आहेत, तर समुद्रतळावर गोठलेला, उशांच्या राशीसारखा दिसणारा लाव्हा पायथ्याकडे आढळतो. म्हणजेच घाट चढणारा प्रवासी प्रत्यक्षात जुन्या सागरतळाच्या अधिकाधिक खोल थरांत उतरत असतो. याच लाव्हात साठलेल्या तांब्यामुळे बेट प्राचीन काळी संपन्न झाले, आणि तांब्याचे लॅटिन नाव ‘कुप्रम’ हेही याच बेटाच्या नावावरून आले.

लिमासोलहून वर जाताना आधी लागतात त्या चुनखडीच्या फिकट टेकड्या. तेथील गावांना ‘क्रासोखोरिया’, म्हणजे द्राक्षमद्याची गावे, असे म्हणतात व ओमोदोस हे त्यांपैकी सर्वांत परिचित आहे. फरसबंद चौक, त्याच्या कडेचा पवित्र क्रूसाचा मठ आणि ‘लिनोस’ नावाचा, भल्यामोठ्या लाकडी तुळईचा जुना द्राक्षघाणा ही येथे सावकाश पाहण्याची ठिकाणे होत. युरोपातील द्राक्षमळे उद्ध्वस्त करणारी फायलोक्सेरा ही कीड सायप्रसमध्ये पसरली नाही, म्हणून येथील वेली दुसऱ्या खुंटावर कलम न करता स्वतःच्याच मुळांवर वाढतात. याच दक्षिण उतारावरील 14 गावांत द्राक्षे उन्हात सुकवून ‘कोमांदारिया’ हे गोड मद्य करतात. मध्ययुगात या भागात जहागीर असलेल्या धर्मयोद्ध्यांच्या ठाण्यावरून त्याला ते नाव पडले.

ओमोदोसच्या पुढे उंची वाढते आणि वेलींची जागा पाइनची झाडे घेतात. 1878 मध्ये बेटाचा कारभार हाती घेतल्यावर ब्रिटिश अधिकारी उन्हाळ्यात येथील प्लात्रेस या गावी मुक्कामाला येऊ लागले; महाबळेश्वरला ज्या गरजेतून वसाहत उभी राहिली, तीच गरज येथेही होती. गॅब्रो या भरड कणांच्या अग्निजन्य खडकाच्या भेगांत पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी मुरते व झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते, म्हणून कोरड्या बेटावरही या उंचीवर हिरवाई टिकून राहते.

शिखराजवळून उत्तरेकडे उतरल्यावर सोलेआ खोऱ्यात काकोपेत्रिया हे गाव लागते. जुन्या वस्तीतील घरांचा खालचा भाग दगडी आणि वरचा कच्च्या विटांचा असून त्यांचे लाकडी सज्जे अरुंद गल्ल्यांवर झुकलेले दिसतात. गावाबाहेरच्या संत निकोलसच्या चर्चचे मूळ बांधकाम 11व्या शतकातील असून, बर्फ आणि पावसापासून रक्षण व्हावे म्हणून त्याच्या घुमटावर पुढील काळात कौलांचे उतरते दुसरे छप्पर घालण्यात आले. ‘छपराचा संत निकोलस’ हे त्याचे नावही त्यावरूनच रूढ झाले. आतील भित्तिचित्रे एकाच काळातली नसून अनेक शतकांत टप्प्याटप्प्याने रंगवलेली आहेत. त्रूदोसमधील अशा चित्रांकित चर्चपैकी 9 चर्चचा समावेश युनेस्कोने 1985 मध्ये जागतिक वारसा यादीत केला आणि 2001 मध्ये त्यांत दहाव्याची भर पडली. ही चर्च आजही उपासनेची स्थळे आहेत, त्यामुळे अंगभर वस्त्रे घालून जाणे आणि छायाचित्र घेण्याआधी विचारणे हा तेथील रीतीचा मान राखण्याचा भाग होय.

या गावांतील पुष्कळ तरुण रोजगारासाठी शहरांकडे गेले आहेत. उतारावरची दगडी बांधांची पायऱ्यापायऱ्यांची शेते सांभाळायला, वेली छाटायला आणि कौले बदलायला मात्र गावात माणसेच लागतात. म्हणून जो पाहुणा दुपारचे जेवण गावातल्याच खानावळीत घेतो आणि मद्य किंवा बदाम ओवून द्राक्षरसात बुडवलेला ‘सुजुकोस’ करणाऱ्याच्याच हातून विकत घेतो, त्याच्या सावकाश दिवसाचा काही वाटा त्या छपरांच्या डागडुजीलाही लागतो.