सेवेचे मोल

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण सहज वापरतो. घरातील म्हातारी जेवून उठते आणि घटकाभराने 'मला कुणी वाढलेच नाही' म्हणून रडू लागते, तेव्हा म्हातारचळ म्हणून आपण हसून सोडून देतो. वस्तुतः हा मेंदूचा रोग आहे. स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराचे वर्णन आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टराने 1906 साली प्रथम केले. भारतात साठी उलटलेल्या सुमारे 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश असावा, असा 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीचा अंदाज आहे.

या रोगाची शुश्रूषा इतर दुखण्यांहून अवघड. रोगी हिंडता-फिरता असतो, म्हणूनच त्याच्यावर अष्टौप्रहर नजर ठेवावी लागते. गॅस उघडा राहतो, रात्री दार उघडून माणूस चालू लागतो. आणि हे महिना-दोन महिने नव्हे, वर्षानुवर्षे चालते.

आपल्या मोहोपाड्यातलेच एक घर डोळ्यांपुढे आणू. थोरला मुलगा मुंबईला, मुलगी पनवेलला दिलेली, धाकटा रसायनीच्या कारखान्यात पाळीवर जाणारा. आई धाकट्याकडे. तिला सांभाळण्यासाठी सुनेने आपली नोकरी सोडली. बाकीची भावंडे सणाला येतात, फळे आणतात, 'वहिनी फार करते हो' म्हणतात. पुढे आई जाते आणि जमिनीचे तीन सारखे वाटे होतात. सुनेच्या बुडालेल्या पगाराचा हिशेब कुणीच मांडत नाही.

'आईच्या सेवेचे पैसे घ्यायचे?' असा प्रश्न येथे हमखास येतो. पण बाहेरून बाई ठेवली, तर तिचा पगार आपण मुकाट्याने देतोच. तीच रक्कम घरच्या बाईला द्यायची म्हटली, की आपल्याला मायेची आठवण होते! मायेला मोल नाही हे खरेच. पण बुडालेल्या रोजगाराला आहे, आणि पैसे द्यायचे ते त्याचे.

इतर देशांनी हा प्रश्न कसा हाताळला? जर्मनीत 1995 पासून शुश्रूषेचा सक्तीचा विमा आहे. घरची माणसे सेवा करीत असतील, तर त्यासाठी रोगी माणसाला दरमहा पैसे मिळतात व ते तो त्यांना देऊ शकतो. ब्रिटनने 1976 साली शुश्रूषा करणाऱ्यांना भत्ता सुरू केला. परंतु विवाहित स्त्रिया घरीच असतात, या समजुतीने त्यांना वगळले. ती चूक 1986 साली सुधारली गेली. आपल्याकडे केरळात अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्यांसाठी 'आश्वासकिरणम्' ही योजना आहे. महाराष्ट्रातील श्रावणबाळ योजनेचे नाव सेवा करणाऱ्या मुलाचे. अनुदान मात्र 65 वर्षांवरील गरीब वृद्धाला मिळते.

कायद्याचेही असेच आहे. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलगा व मुलगी या दोघांवरही निराधार आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी टाकली. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यान्वये प्रांताधिकाऱ्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे निर्वाहखर्च मागता येतो. सुनेवर हे दोन्ही कायदे तसे बंधन घालीत नाहीत. पण प्रत्यक्षात काम बहुधा तिच्याच वाट्याला येते. म्हणून मोबदल्याची व्यवस्था आज घराघरानेच करावयास हवी.

ती वेळेवर करावी, हे सर्वांत महत्त्वाचे. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे मन शाबूत असलेल्यालाच करार करता येतो. पुष्कळांना वाटते, की मुखत्यारपत्र करून ठेवले म्हणजे झाले. पण ते देणाऱ्याची बुद्धी भ्रष्ट झाली, की मुखत्याराचा अधिकार त्याच कायद्याने संपतो. म्हणजे गरज पडते नेमक्या त्याच वेळी कागद निकामी होतो. मग पालक नेमून घेण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते.

यास्तव विसरभोळेपणाची पहिली लक्षणे दिसताच डॉक्टरांना दाखवावे आणि सर्व भावंडांनी आईसमक्ष एकत्र बसावे. दरमहा किती रक्कम, कोणाच्या वाट्यातून, कोणाच्या नावे, हे लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. पैसे सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या खात्यात जावेत, आणि आईच्या पैशातून होणाऱ्या खर्चाची वही सर्वांना पाहता यावी. चोख हिशेब असला, की लुबाडणुकीला वाव राहत नाही आणि संशयालाही. सेवेच्या बदल्यात घर किंवा जमीन द्यायची असेल, तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहावी. ती मोडल्यास 2007 च्या कायद्यान्वये ते रद्द करून घेता येते.

एवढे झाले तरी पैशाने झोप भरून निघत नाही. वर्षातून काही दिवस तरी थोरल्याने किंवा लेकीने आईपाशी येऊन राहावे आणि सुनेला माहेरी जाऊ द्यावे. आईला कदाचित उद्या कुणाचेच नाव आठवणार नाही. आपले कोणी काय केले, हे इतरांनी तरी लक्षात ठेवावे आणि तसे लिहूनही ठेवावे.