हातावरचा भार उतरवणारी पट्टी

विमान ठरावीक वेगात सरळ उडत असताना वैमानिकाला स्टिकवर सतत जोर लावावा लागू नये, यासाठी असलेली यंत्रणा म्हणजे ट्रिम. उड्डाणात विमानाचा तोल सारखा बदलत असतो. इंधन कमी होते, शेजारची जागा कधी भरलेली तर कधी रिकामी असते, मागे सामान ठेवले जाते, इंजिनाची शक्ती कमीजास्त केली जाते. अशा प्रत्येक बदलानंतर नाक थोडे वर किंवा खाली जाऊ पाहते. ते सावरण्यासाठी शेपटीच्या आडव्या पंखामागचा हलता भाग, म्हणजे एलेव्हेटर, किंचित वळवून धरावा लागतो. हा जोर क्षणभर जाणवतही नाही. तासभर धरायचा म्हटला की हात भरून येतो आणि इतर कामांवरचे लक्ष उडते. हलक्या विमानांच्या अमेरिकी नियमावलीत दीर्घकाळ लावाव्या लागणाऱ्या या जोराला १० पौंडांची, म्हणजे सुमारे साडेचार किलोंची मर्यादा घातलेली होती.

कारखान्यातून आलेल्या विमानात ट्रिम तयारच मिळतो. घरी बांधलेल्या विमानात तो बांधणाऱ्यालाच बसवावा लागतो. अमेरिकेत अशा विमानांसाठी नोंदणीचा स्वतंत्र वर्ग आहे आणि त्यासाठी बांधणीचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसांनी स्वतः करावा लागतो. या हौशी बांधणाऱ्यांची संघटना, एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, १९५३ मध्ये स्थापन झाली. मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेले विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले, तेव्हा हा छंद महाराष्ट्रातल्या अनेकांना प्रथमच ठाऊक झाला.

ट्रिम साधण्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत. जुन्या पायपर कब विमानात हँडल फिरवून शेपटीचा अख्खा आडवा पंखच थोडा कलता करतात. लाँग-ईझीसारख्या विमानात स्प्रिंगचा ताण कमीजास्त करून स्टिकला हव्या त्या बाजूला ओढून ठेवले जाते. सर्वांत रुळलेली पद्धत मात्र ट्रिम टॅबची. टॅब म्हणजे एलेव्हेटरच्या मागच्या कडेला बसवलेली छोटी हलती पट्टी. अशा पट्टीचा पाया जर्मन अभियंता अँटोन फ्लेटनर यांनी घातला. टॅब खाली वळली की हवा तिला वर ढकलते, तिच्यासोबत एलेव्हेटर वर उचलला जातो आणि विमानाचे नाक वर येते. पट्टी लहान असली तरी ती एलेव्हेटरच्या बिजागरीपासून बरीच मागे असते, त्यामुळे थोड्या बळातही काम होते.

व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीची आरव्ही मालिकेतली विमाने घरबांधणीत सर्वाधिक लोकप्रिय आहेत. आरव्ही-७ किंवा आरव्ही-८ मध्ये ही टॅब डाव्या एलेव्हेटरवर असते. तिचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ ॲल्युमिनियमचा असतो. तो वाकवून, रिव्हेट मारून टॅब तयार करतात आणि पेटीच्या झाकणाला असते तशी लांब बिजागरी लावून ती एलेव्हेटरला जोडतात. टॅबची आणि एलेव्हेटरची मागची कड एका रेषेत यायला हवी. बिजागरीतली लांब पिन कंपनांनी हळूहळू बाहेर सरकू शकते, म्हणून तिची टोके पक्की अडकवावी लागतात.

टॅब हलवण्याचे दोन मार्ग आहेत. एकात कॉकपिटमधल्या नॉबपासून शेपटीपर्यंत जाड केबल नेतात. त्याला वीज लागत नाही. दुसऱ्यात मुठीत मावणारा विजेवरचा सर्व्हो एलेव्हेटरच्या खालच्या झाकणावर, आतल्या बाजूने बसवतात. सर्व्होची दांडी एका बारीक पुशरॉडने टॅबच्या शिंगाला, म्हणजे तिच्यातून बाहेर आलेल्या छोट्या टोकाला, जोडलेली असते. सर्व्हो मधल्या जागी असताना टॅब सरळ राहील, अशी पुशरॉडची लांबी जुळवतात. सर्व्होचे वजन एलेव्हेटरच्या बिजागरीमागे पडते, म्हणून पुढच्या शिशाच्या वजनांशी एलेव्हेटरचा समतोल नकाशाप्रमाणे जुळतो का, हे पाहावे लागते. रंगाचेही वजन होते. रंगकामानंतर हा समतोल पुन्हा तपासतात.

या सगळ्या जोडणीत खरा धोका असतो तो प्लेचा, म्हणजे सांध्यातल्या खुळखुळीचा. बोटांनी टॅब धरून हलवली आणि एलेव्हेटर स्थिर असताना ती टकटक वाजली, तर वेगात तिला फ्लटर होऊ शकतो. फ्लटर म्हणजे हवेच्या जोरावर क्षणाक्षणाला वाढत जाणारी थरथर. ती काही सेकंदांत शेपूट मोडू शकते. १६ सप्टेंबर २०११ रोजी अमेरिकेतल्या रीनो येथील शर्यतीत ‘गॅलपिंग घोस्ट’ हे पी-५१ मस्टँग विमान कोसळून वैमानिकासह ११ जण मरण पावले. चौकशीत कारण निघाले ते एलेव्हेटरच्या ट्रिम टॅबचे. तिचे स्क्रू घट्ट धरून ठेवणारे नट आतून झिजलेले होते. स्क्रू ढिले झाले, टॅबची पकड कमी झाली आणि शर्यतीच्या वेगात फ्लटर सुरू झाला. म्हणून सेल्फ-लॉकिंग नट हाताने सहज फिरू लागला, तर तो पुन्हा वापरायचा नाही, नवाच लावायचा.

वायरिंगचे काम दिसायला सोपे आहे. आरव्हीमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या रे अ‍ॅलन सर्व्होला पाच बारीक तारा असतात. तीन तारा टॅबची जागा पॅनेलवरच्या दर्शकाला कळवतात आणि दोन मोटरच्या असतात. मोटरच्या दोन्ही तारा पांढऱ्या असल्याने दिशा रंगावरून ठरत नाही, चाचणी करूनच ठरवावी लागते. ‘नाक वर’ हे बटण दाबायचे आणि शेपटीकडे जाऊन टॅबची मागची कड खाली गेली का, ते पाहायचे. उलटे झाले, तर तारांची अदलाबदल करायची. एलेव्हेटर पूर्ण वर-खाली हलवूनही तारा ताणल्या जाणार नाहीत, इतकी सैल वेटोळी बिजागरीपाशी ठेवतात. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट बसवतात, म्हणजे धारेने वायर कापली जात नाही.

बटण अडकले किंवा रिले चिकटला, तर ट्रिम आपोआप टोकापर्यंत धावतो. त्यासाठी स्वतंत्र, कमी अँपिअरचा आणि बसल्या जागी हात पोहोचेल असा सर्किट ब्रेकर द्यावा. वेगाचाही विचार लागतो. उतरतानाच्या वेगापेक्षा प्रवासाचा वेग अडीचपट असेल, तर टॅबवरचा हवेचा दाब सहापटींहून अधिक होतो. उतरताना जेवढा वेळ बटण दाबणे योग्य, तेवढाच वेळ प्रवासात दाबले तर नाक झटक्याने उसळते. म्हणून अनेक जण मोटर सावकाश चालवणारा वेगनियंत्रक बसवतात.

बाजूच्या तोलासाठी साधे उपाय पुरतात. एका पंखातले इंधन आधी संपले की विमान दुसरीकडे झुकते. तिथे एलेरॉनच्या, म्हणजे मुख्य पंखांमागच्या हलत्या भागांच्या, जोडणीवर स्प्रिंगचा हलका ताण देणारा छोटा सर्व्हो चालतो. रडरच्या, म्हणजे शेपटीच्या उभ्या पंखामागच्या हलत्या भागाच्या, मागच्या कडेला जमिनीवर वाकवून ठेवायची पत्र्याची पट्टी किंवा पाचर लावतात आणि चाचणी-उड्डाणात नाक कोणत्या बाजूला वळते, ते पाहून ती कमीजास्त करतात.

पहिल्या उड्डाणापूर्वी उड्डाणाच्या सुरुवातीला ट्रिम कुठे असावा, याची खूण दर्शकावर ठरवून ठेवतात. पुढच्या उड्डाणांत वेगवेगळ्या वेगांना आणि वजनांना टॅब कुठे लागते, याची नोंद करतात. उतरताना ट्रिम सतत टोकालाच न्यावा लागत असेल, तर वजनाची मांडणी किंवा टॅबची मर्यादा पुन्हा तपासावी लागते. त्यानंतर दर उड्डाणापूर्वी टॅबची दिशा आणि खुळखुळ तपासायची. वार्षिक तपासणीत बिजागरीची पिन, पुशरॉडची टोके, नट आणि तारांची वेटोळी, यांपैकी काहीही वगळायचे नाही. ट्रिम सोयीसाठी असला, तरी त्याची बांधणी एलेव्हेटरइतक्याच काटेकोरपणे व्हायला हवी.