पेजेची बाटली

पहाटेचे साडेपाच वाजले असतील. धरमतरची खाडी मागे पडली होती आणि मुंबईचे दिवे अजून लांब होते. माझ्या हातात एक बांबू होता. त्याच्या टोकाला दोरीने बांधलेली प्लॅस्टिकची बाटली, आणि बाटलीत मीठ-साखर घातलेली तांदळाची पातळ पेज. खाली काळ्या पाण्यात माझी सोळा वर्षांची पुतणी. तिच्या सरांनी मला तीनदा बजावलं होतं, "काका, बाटली तिला घेऊ द्या. तिचा हात होडीला किंवा तुमच्या हाताला लागला, की सगळं संपलं."

बँकेत मी तोवर वीस-एक वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजले होते, हात कधी कापला नव्हता. त्या पहाटे कापला.

ही गोष्ट २००४ सालची. पण ती पेज बाटलीत येण्याआधी आमच्या घरात वर्षभर भांडण चाललं होतं.

आमचं घर माळकरी. माळ आजोबांनी घातली, वडिलांनी घातली, थोरल्या भावाने घातली. मी घातली नाही. शाखांच्या तपासणीला गावोगाव फिरताना मी आम्लेट खायला शिकलो होतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. भावाची मुलगी ठाण्याच्या तलावात पोहायला लागली, संक रॉक ते गेटवे हे पाच किलोमीटर तिने हसतहसत पार केले, तेव्हा सरांनी धरमतर ते गेटवेची गोष्ट काढली. साधारण पस्तीस किलोमीटर! आणि त्याबरोबर दुसरी गोष्ट काढली : रोज चार अंडी.

"मुलगी समुद्रात पोहायला चाललीय, पंढरीला नाही," सर म्हणाले. वहिनी काही बोलली नाही. रात्री मात्र माझ्याकडे येऊन म्हणाली, "भाऊजी, तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा, आमच्या डाळ-भातावर पोर बुडेल का?"

मी सरांची बाजू घेतली. पहिल्यांदा इंग्लिश खाडी पोहणाऱ्या कॅप्टन मॅथ्यू वेबचा दाखला दिला. १८७५ साली तो पावणेबावीस तास पाण्यात होता, आणि वाटेत त्याला होडीतून मांसाचा काढा आणि ब्रँडी पाजली होती. पुतणी ऐकत होती. मग म्हणाली, "काका, पोहायचं मला आहे. मग खायचं काय ते मला ठरवू द्या ना." तिने माळ घातली नव्हती. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, तिला स्वतःलाच नको होतं.

वाद पडला की जुना कागद काढायचा, ही बँकेतली सवय. तिला गप्प करील असा पुरावा शोधायला मी ग्रंथालयात गेलो आणि उलटाच कागद हाती लागला. मरे रोज त्याचं नाव.

हा १९३९ साली इंग्लंडात जन्मला आणि तान्हा असतानाच आई-वडिलांबरोबर ऑस्ट्रेलियात गेला. लहानपणापासून शाकाहारी. तीळ, सूर्यफुलाच्या बिया, भरड धान्य आणि समुद्रातलं शेवाळ, असा त्याचा आहार. त्यावरून वर्तमानपत्रांनी त्याला 'शेवाळी तुफान' अशा अर्थाचं नावही ठेवलं होतं. सिडनीच्या बंदरात कठड्याने अडवलेल्या खाऱ्या पाण्यात हा मुलगा पोहायला लागला, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये, सतराव्या वर्षी, त्याने तीन सुवर्णपदकं मिळवली. त्यातलं एक पंधराशे मीटरचं. ती शर्यत ७ डिसेंबरला झाली, म्हणजे पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला बरोबर पंधरा वर्षं होत होती. दुसरा आला तो जपानचा यामानाका. शर्यत संपल्यावर दोघांनी दोरीवरून एकमेकांना मिठी मारली. तो फोटो जगभर गाजला. पुढे रोममध्ये, १९६० साली, मरेने चारशे मीटरचं सुवर्णपदक पुन्हा जिंकलं. २०१२ साली तो वारला. तो लहानपणी जिथे पोहला, त्या बंदरातल्या तलावाला आज त्याचं नाव आहे.

पंधराशे मीटर म्हणजे धरमतरपुढे काहीच नाही, हे मलाही कळत होतं. पण माझा मुद्दा तेवढ्याने पडायचा तो पडलाच.

सर तसे सरळ माणूस. त्यांनी डॉक्टरांना विचारलं. रक्त तपासलं तर लोह कमी निघालं. पुतणीने गोळ्या मुकाट्याने घेतल्या. दूध, डाळी, उसळी, शेंगदाणे यांचा हिशेब वहिनीने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला. शाकाहारात जादू नाही, पण हिशेब नीट ठेवला तर तोटाही नाही, एवढं मला त्या कॅलेंडरने शिकवलं. आणि लांब पल्ल्याचं एक गुपित सरांनीच सांगितलं. अंगात साठवलेली साखर दीड-दोन तासांच्या कष्टात सरत येते. त्यापुढे दर अर्ध्या-पाऊण तासाला पोटात काहीतरी जायला हवं, आणि तेही न चावता. "तिथे मटण खाणाराही गोड पाणीच पितो हो," सर म्हणाले. मग पेज, गुळाचं पाणी, खजुराचा कोळ असं ठरलं.

त्या पहाटे बाटली तिने नीट घेतली, उताणी होऊन प्यायली, दोरीला सोडून दिली. तरीही ती गेटवेला पोहोचली नाही.

होडीचं इंजिन सुरू व्हायलाच दीड तास गेला होता. ताज हॉटेलचा घुमट डोळ्यांना दिसत होता आणि ओहोटी लागली. ती हात मारत होती, पण घुमट जागचा हलत नव्हता. पाऊण तास असा गेला. शेवटी सरांनी स्वतः हात पुढे केला आणि तिला धरून वर घेतलं. स्पर्श झाला. संपलं.

होडीत कुणी बोललं नाही. माझ्या मनात मात्र लगेच आलं, चार अंडी खाल्ली असती तर? तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, तिला ते कळलं. घरी आल्यावर शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळे तेच बोलले. वहिनी ओट्याशी तोंड फिरवून उभी राहिली.

तेव्हा सर म्हणाले, "अहो, पोरीचं काही चुकलं नाही. भरती आमच्यासाठी थांबत नाही. दीड तास मी घालवला." अंडी सांगणारा माणूस हे म्हणाला, आणि मी, घरचा माणूस, गप्प होतो. ते मला आजही टोचतं.

पुढच्या वर्षी होडी वेळेवर निघाली. पेज तीच, बांबू तोच. दहा तासांच्या आत तिने गेटवेच्या पायऱ्यांना हात लावला. उलट्या झाल्या होत्या, ओठ मिठाने सुजले होते, मानेवर जेलीफिशचे वळ होते. वहिनीने विचारलं, "काय खातेस?" ती म्हणाली, "आई, वरण-भात. पण गरम."

आता तिची मुलगी आठ वर्षांची आहे. ती अंडी खाते. पुतणी तिला नको म्हणत नाही आणि खा असंही म्हणत नाही. गेल्या रविवारी तलावावर मी मुद्दाम विचारलं, तर हसून म्हणाली, "काका, पोहायचं तिला आहे."

मी बाकावर बसून तिचा टॉवेल सांभाळतो. पाण्यात दुसरं कुणी असलं, की काठावरच्या माणसाने बाटली वेळेवर पुढे करायची आणि हात आवरता घ्यायचा, हे मला फार उशिरा जमलं.