व्यवसाय परवाना रद्द करण्यापूर्वीचा सुनावणीचा हक्क : सावदा परिसरातील केळी व्यापाराच्या संदर्भात

जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातील सावदा हे केळीच्या व्यापाराचे गाव होय. केळीचा आडत्या, वेफर्सचा कारखानदार वा पिकवणगृहाचा मालक यांची उपजीविका एका कागदावर, म्हणजे परवान्यावर उभी असते. तो रद्द झाल्यास व्यापारी तर बसतोच; त्याच्यावर विसंबलेला शेतकरी आणि हमालही अडचणीत येतो. कापलेला घड सुनावणीच्या तारखेची वाट पाहत नाही. म्हणूनच परवाना काढून घेण्याची पद्धत कोणती असावी, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 19(1)(छ) ने नागरिकांना दिले आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. मात्र ज्याच्या विरुद्ध निर्णय व्हावयाचा त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व तेथेही लागू होते. महाराष्ट्राच्या 1963 च्या कृषी उत्पन्न पणन अधिनियमातील कलम 8 बाजार समितीला परवाना निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार देते. परंतु कारणे लेखी नोंदविण्याचे आणि परवानाधारकास बाजू मांडण्याची वाजवी संधी देण्याचे बंधनही घालते. 2016 पासून बाजार आवाराबाहेरील फळे व भाजीपाला नियमनमुक्त झाल्याने बांधावरच्या केळी खरेदीपुरते या कलमाचे महत्त्व घटले. पिकवणगृहे व वेफर्स उद्योग यांच्या दृष्टीने आता अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 अधिक निकटचा आहे.

या अधिनियमाच्या कलम 32 मधील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. प्रथम सुधारणा नोटीस, तीत किमान 14 दिवसांची मुदत. पालन न झाल्यास निलंबन. आणि त्यानंतरही पालन न झाल्यास, कारणे दाखविण्याची संधी देऊन, परवाना रद्द. समजा, पिकवणगृहात बंदी असलेले कॅल्शियम कार्बाइड वापरल्याची तक्रार आली. सार्वजनिक आरोग्यासाठी कारणे लेखी नोंदवून परवाना तत्काळ निलंबित करता येतो, आणि ते योग्यही आहे. मात्र निलंबन म्हणजे रद्द करणे नव्हे. तातडी सरल्यावरही सुनावणी टाळणे समर्थनीय ठरत नाही.

नोटीस दिली म्हणजे संधी दिली, असा समज कार्यालयांत रूढ आहे. ‘नियमांचा भंग केला आहे, खुलासा करावा’ एवढ्या ओळीला उत्तर तरी काय देणार? आरोप, त्याचा आधार व प्रस्तावित कारवाई नोटिशीत स्पष्ट हवी. काळ्या यादीत टाकण्याच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने गोरखा सिक्युरिटी सर्व्हिसेस खटल्यात (2014) प्रस्तावित कारवाईचा उल्लेख आवश्यक मानला.

निर्णय कोणी घेतला, हेही तितकेच महत्त्वाचे. मुंबईच्या गोरधनदास भानजी खटल्यात (1951) अंधेरी येथे चित्रपटगृह बांधण्याची परवानगी पोलीस आयुक्तांनी ‘शासनाच्या निर्देशानुसार’ रद्द केली होती. अधिकार आयुक्तांचा होता, निर्णय मात्र शासनाचा. म्हणून तो टिकला नाही. आदेशाचा अर्थ त्यातील शब्दांवरूनच लावावयाचा, मागाहून दिलेल्या स्पष्टीकरणावरून नव्हे, असे न्या. विवियन बोस यांनी स्पष्ट केले. नागपूर उच्च न्यायालयाचे हे पूर्वीचे मुख्य न्यायमूर्ती होत.

अलीकडचे ठळक उदाहरण मॅगीचे आहे. ते परवान्याचे नसून उत्पादनबंदीचे असले तरी तत्त्व तेच. जून 2015 मधील केंद्रीय प्राधिकरणाचे व राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांचे बंदी आदेश मुंबई उच्च न्यायालयाने 13 ऑगस्ट 2015 रोजी रद्द केले. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळली नाहीत, हे त्याचे एक कारण. तथापि न्यायालयाने उत्पादन थेट बाजारात जाऊ दिले नाही. तीन प्रयोगशाळांतून फेरतपासणीची अट घातली. सुनावणीचा हक्क आणि ग्राहकाचे आरोग्य यांना परस्परविरोधी मानणाऱ्यांनी हा निकाल अवश्य पाहावा.

मोठ्या कंपनीस उच्च न्यायालयाची वाट सहज सापडते. सावद्यातील छोट्या उद्योजकास ती परवडत नाही. त्याच्यासाठी कलम 32 खालील अन्न सुरक्षा आयुक्तांकडील अपील हाच व्यवहार्य मार्ग होय. त्याची मुदत अवघी 15 दिवसांची असून ती निर्णयाची सूचना मिळाल्यापासून मोजली जाते. आदेश हाती आलेली तारीख पोचपावतीवर स्वतःच्या अक्षरात लिहून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.