लोइझिडूबाईंची दरखास्त

दिवाणी कोर्टात ज्यांनी दिवस काढलेत, त्यांना 'दरखास्त' या शब्दाचं वजन ठाऊक असतं. दावा जिंकला, हुकूमनामा हातात पडला, की लोकांना वाटतं सुटलो. खरं दुखणं तिथून सुरू होतं: हुकूमनाम्याच्या बजावणीसाठी दरखास्त लावावी लागते. हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलने १८७२ सालीच नोंदवून ठेवलं होतं. तरी आपल्याकडे उशिरा का होईना, नाझराकडून बेलिफ निघतो. भूसंपादनाचा वाढीव मोबदला थकला म्हणून एका जिल्ह्याच्या कचेरीत बेलिफाने साहेबांची खुर्ची उचलून व्हरांड्यात आणलेली मी पाहिली आहे. फिरती खुर्ची, पाठीवरचा पांढरा टॉवेल तसाच. ज्याची जमीन गेली तो म्हातारा शेतकरी बाजूला उभा होता. त्याने खुर्चीला हात लावला नाही, नुसता बघत राहिला. दुपारी सरकारी वकील मुदत मागायला कोर्टात धावले.

निकाल आंतरराष्ट्रीय मानवाधिकार न्यायालयाचा असेल आणि हरलेला पक्ष म्हणजे अख्खं राज्य असेल, तर ही खुर्ची कोण उचलणार? या प्रश्नाचा माग काढताना मी दरवेळी सायप्रसच्या टिटिना लोइझिडू यांच्यापाशी येऊन थांबतो.

लोइझिडूबाई मूळच्या सायप्रसच्या उत्तर किनाऱ्यावरच्या किरेनियाच्या. १९७२ साली लग्न होऊन त्या निकोसियाला गेल्या. जुलै १९७४ मध्ये तुर्की सैन्य उतरलं आणि बेटाचे दोन तुकडे झाले. माहेर रेषेच्या पलीकडे राहिलं, तिथले त्यांच्या मालकीचे दहा प्लॉटही. १९ मार्च १९८९ रोजी 'बायका घरी चालल्या' असं म्हणत स्त्रियांचा एक जथा लिंबिया गावाकडून निघाला आणि युद्धविराम रेषा ओलांडून गेला. लोइझिडूबाई त्यात होत्या. त्यांना पकडलं गेलं आणि त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात देऊन परत पाठवलं. चार महिन्यांनी, जुलैमध्ये, त्यांनी तुर्कस्तानविरुद्ध स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार यंत्रणेकडे अर्ज केला.

तुर्कस्तानचा बचाव असा की उत्तर सायप्रसमध्ये वेगळं सरकार आहे, तिथल्या गोष्टींना आम्ही जबाबदार नाही. न्यायालयाने तो मानला नाही. १८ डिसेंबर १९९६ च्या निकालात ११ विरुद्ध ६ मतांनी ठरलं की बाईंच्या मालमत्तेच्या हक्कावर घाला पडला आहे आणि त्याची जबाबदारी तुर्कस्तानची. २८ जुलै १९९८ ला आकडे ठरले: जमिनीचा उपभोग हुकल्याबद्दल ३ लाख सायप्रस पौंड, मनस्तापाबद्दल २० हजार, वर खर्चाचे १ लाख ३७ हजारांहून अधिक. मुदत तीन महिने, त्यानंतर दरसाल ८ टक्के व्याज.

तीन महिने गेले. पैसे आले नाहीत.

इथे स्ट्रासबर्गची रचना समजून घ्यायला हवी. निकाल देऊन न्यायालय मोकळं होतं. बजावणीवर देखरेख असते युरोप परिषदेच्या मंत्री समितीची. तीत सदस्य देशांचे परराष्ट्रमंत्री, प्रत्यक्षात त्यांचे राजदूत. म्हणजे ज्याच्याविरुद्ध दरखास्त आहे, तोही त्याच टेबलाशी खुर्ची घेऊन बसलेला. जप्तीचं वॉरंट नाही, बेलिफ नाही. असतात ते ठराव. ऑक्टोबर १९९९, जुलै २०००, जून २००१: दर ठरावागणिक भाषा कडक होत गेली. तुर्कस्तानचं म्हणणं होतं की सायप्रसचा सगळा प्रश्न सुटेल तेव्हा या पैशांचं बघू. खरी भीती वेगळी होती. बाईंना पैसे दिले तर मागे हजारोंची रांग लागेल, हे अंकाराला दिसत होतं, आणि त्या भीतीत तथ्य होतं. पुढे अशा सुमारे १,४०० अर्जांचा ढीग न्यायालयात साचला.

मग पैसे कसे मिळाले? तुर्कस्तानला युरोपीय संघात शिरायचं होतं. १९९९ च्या डिसेंबरात त्याला उमेदवार म्हणून मान्यता मिळाली होती आणि वाटाघाटींचं दार केव्हा उघडायचं याचा निर्णय डिसेंबर २००४ मध्ये व्हायचा होता. स्ट्रासबर्गचा निकाल झुगारणारा देश म्हणून त्या दारात उभं राहणं परवडणारं नव्हतं. १२ नोव्हेंबर २००३ च्या ठरावात मंत्री समितीने बजावलं की पैसे दिले नाहीत तर योग्य ती सर्व पावलं उचलू. २ डिसेंबरला व्याजासकट सुमारे ११ लाख युरो जमा झाले. पाच वर्षांहून अधिक काळ जे ठरावांना जमलं नाही, ते राज्याच्या गरजेने घडवून आणलं. न्यायाची गाडी अशी दुसऱ्याच्या गरजेवर चालावी हे मला अजूनही बोचतं. पण त्या पाच वर्षांत प्रकरण दप्तरी दाखल होऊ न देणारे ते कंटाळवाणे ठराव नसते, तर गरज आली तेव्हा तिला बांधायला दोरीच नसती.

पैसे आले, जमीन नाही. २००६ पासून उत्तरेत स्थावर मालमत्ता आयोग काम करू लागला आणि मार्च २०१० मध्ये न्यायालयाने इतर अर्जदारांना सांगितलं की आधी तिथे जा. ज्या सत्तेने घर घेतलं तिच्याच आयोगापुढे हात पसरायचा, हे पुष्कळांच्या गळी उतरलं नाही. मे २०१४ मध्ये खुद्द सायप्रसने आणलेल्या प्रकरणात तुर्कस्तानला ९ कोटी युरो भरायचा आदेश झाला: ३ कोटी बेपत्ता माणसांच्या नातलगांसाठी, ६ कोटी उत्तरेतल्या कार्पास भागात अडकून पडलेल्या रहिवाशांसाठी. ते त्याने भरलेले नाहीत. युरोपीय संघाचं दार एव्हाना दोन्ही बाजूंनी लोटलं गेलं होतं.

दरम्यान मंत्री समितीच्या हाती एक नवं हत्यार आलं. जून २०१० पासून दोनतृतीयांश मतांनी ती प्रकरण पुन्हा न्यायालयाकडे पाठवू शकते आणि विचारू शकते, या देशाने निकाल पाळला की नाही? पहिला प्रयोग अझरबैजानवर झाला. विरोधी नेते इल्गार मम्मादोव यांच्या अटकेविरुद्धचा निकाल २०१४ चा. डिसेंबर २०१७ मध्ये हे हत्यार उपसलं गेलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये मम्मादोव बाहेर आले. दुसरा प्रयोग तुर्कस्तानात तुरुंगात असलेल्या उस्मान कवालांसाठी. त्यांची सुटका करा, असं न्यायालयाने १० डिसेंबर २०१९ ला सांगितलं. फेब्रुवारी २०२० मध्ये इस्तंबूलच्या कोर्टाने त्यांना निर्दोष ठरवलं आणि त्याच दिवशी त्यांना पुन्हा ताब्यात घेतलं गेलं. एप्रिल २०२२ मध्ये त्यांना कडक जन्मठेप झाली. जुलैत न्यायालयाने तुर्कस्तानला निकाल मोडल्याबद्दल दोषी ठरवलं, तरी तुरुंगाचं दार उघडलं नाही. रशिया तर त्याच वर्षी मार्चमध्ये युरोप परिषदेबाहेर गेला आणि मागे राहिलेले शेकडो निकाल पाळायला कुणी उरलं नाही.

आशिया खंडाला असं मानवाधिकार न्यायालयच नाही, त्यामुळे दरखास्तीची ही वणवण आपल्या वाट्यालाही येत नाही. स्ट्रासबर्गची दुर्बळता दाखवून हसणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: मुंबईतून, कोलंबोतून, यांगूनमधून आपल्या राज्याविरुद्ध अर्ज घेऊन माणसाने कुठे जायचं?

लोइझिडूबाईंच्या निकालपत्रात त्यांच्या दहा प्लॉटांचे क्रमांक छापलेले आहेत, ४६०९ पासून ५३९० पर्यंत, आणि त्यांच्या कायदेशीर मालक त्याच आहेत असा निर्णयही. शेवटच्या प्लॉटवर तुर्की सैन्य उतरण्याआधी फ्लॅटचं बांधकाम सुरू झालं होतं. त्यातला एक घरच्यांना राहायला म्हणून ठेवला होता.