निळ्या हेल्मेटमधले भारतीय

संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचे सैन्य नाही. सदस्य देश तुकड्या पाठवतात. हेल्मेट निळे, गणवेश ज्याच्या त्याच्या देशाचा.

• संयुक्त राष्ट्रांची पहिली मोहीम : १९४८, अरब-इस्रायल युद्धविरामावर देखरेख.

• कोरिया : १९५० मध्ये भारताने लढाऊ तुकडी नव्हे, तर ६० पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठवले. १९५३ च्या युद्धविरामानंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा ताबा भारतीय दलाकडे आला. दलप्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. हे काम तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाखालचे. निळ्या हेल्मेटची मोहीम नव्हे.

• गाझा : १९५६ ते १९६७, संयुक्त राष्ट्रांच्या दलात भारतीय तुकडी.

• काँगो, १९६०-६४ : कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिल (आजचे लुबुंबाशी) येथे धारातीर्थी पडले. मरणोत्तर परमवीरचक्र, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतील हे एकमेव.

• लायबेरिया, २००७ : भारताचे संपूर्ण महिला पोलीस पथक. जगातले असे पहिलेच.

• बलिदान : आजवर १७० हून अधिक भारतीय, इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त.

• गल्लत नको : श्रीलंकेतील भारतीय शांतिसेना (१९८७-९०) दोन देशांतील करारानुसार गेली होती. तिचा संयुक्त राष्ट्रांशी संबंध नव्हता.